मुस्कानविषयी सगळे बोलतात

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या बाकावर बसून ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ दुसऱ्यांदा वाचून संपवलं. हिमांजली शंकर यांची ही इंग्रजी किशोर-कादंबरी 2014ची. दांडियाबाजारात मी अकरावी-बारावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. पुस्तक मागवलं त्यांच्यासाठी, पण वाचताना माझाच शाळेतला वर्ग आठवत राहिला.

शाळकरी मुस्काननं जीव द्यायचा प्रयत्न केलाय, ती इस्पितळात आहे. तिथून गोष्ट मागे जाते. सांगणारे तिघं: जिवलग मैत्रीण आलिया, पैसेवाल्या घरचा प्रतीक आणि गरिबीतून वर येणारा हुशार शुभोजय. प्रतीकची प्रकरणं वाचताना पुस्तक मिटून टाकावंसं वाटतं, तरी मला तीच सगळ्यात खरी वाटली. आपलं काही चुकतंय हे त्याच्या मनालाही शिवत नाही.

मुस्कानला मुली आवडतात. हा तिचा आजार नव्हे. ती खचते ती आजूबाजूच्यांच्या वागण्यानं. आपल्याकडे नेमकी इथेच गल्लत होते. मी मावशीला दोन प्रकरणं मराठीत सांगितली, तर ती म्हणाली, “डॉक्टरला दाखवलं की जात नाही का गं हे?” मी म्हटलं, “डॉक्टर हवा तो तिच्या खचण्यासाठी, आवडण्यासाठी नाही.” मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पुढं सांग.”

डिसेंबर 2013मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा लागू केलं, त्याच्या पाठोपाठ हे पुस्तक आलं. हे संबंध गुन्हा नाहीत असं सांगणाऱ्या 2018च्या निकालानंतर वाढलेल्या माझ्या शिकवणीतल्या मुलांना ती भीती समजावून सांगावी लागते.

एक गोष्ट मात्र खटकली. मुस्कानला स्वतःचं एकही प्रकरण नाही. हे मुद्दाम केलंय, नावातच ते आहे. तरीही तिची झोप कशी उडाली, जेवण कधी तुटलं, समोर पुस्तक उघडं असताना डोक्यात काय चालायचं, हे मला तिच्याच तोंडून हवं होतं. आमच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. रिक्षात आम्ही रोज तिच्याविषयी बोलायचो. तिच्या घरी एकदाही गेलो नाही.

पंधरा-सोळाच्या मुलांना जरूर द्या, वाचून झाल्यावर सोबत बसा. माझी प्रत शिकवणीच्या कपाटात असते. पहिल्या पानावर पेन्सिलीनं 14416 लिहिलंय, टेलिमानस या सरकारी मानसिक-आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तास चालणारा मोफत नंबर. मागच्या आठवड्यात कुणीतरी न सांगता ती नेली. मी विचारलेलं नाही.