ट्राउटच्या नावाखाली ३७,४९९ रुपये

मासेमारीच्या सहलीच्या नावाखाली मी फसलो. शिव्या घालायच्या असतील तर पूर्ण वाचून घाला. घरी रोज खातोच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी, मेव्हणा आणि दोन मित्र असे चौघं हिमाचलात बरोटला ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातला मासा, धरायला जाणार होतो. मंडी जिल्ह्यातलं गाव. ऊहल नदीचं पाणी शानन वीज प्रकल्पासाठी तिथे अडवलंय, त्या तळ्याच्या काठी कॅम्प. गळ घेऊन धरणावर बसणाऱ्याला ट्राउटचं किती वेड असतं ते सांगायला नको. आपल्याकडच्या कोमट पाण्यात तो तग धरत नाही, म्हणून एवढ्या लांब जायचं.

जाहिरात मोबाइलवर दिसली. फोन लावला तर समोरचा अस्सल मराठीत! "दादा, मी मूळचा साताऱ्याचा, इकडची मुलगी केली आणि इथलाच झालो." कुठला स्पिनर (फिरणारं चकचकीत आमिष) आणायचा, दोरी किती जाड, मासा सकाळी कधी खातो, सगळं धडाधडा बोलला. यावर कोणाला संशय आला असता? आता सगळे म्हणतात, मला आला असता. तेव्हा हेच लोक ग्रुपवर अंगठे दाखवत होते.

पैसे असे गेले. बुकिंगचे ५,०००. चौघांच्या परवान्यांचे ४,८००. कॅम्पचे १५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७००. रॉड आणि वेडर्सचं (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) 'परत मिळणारं' डिपॉझिट ९,९९९. एकूण ३७,४९९. चंदीगडच्या विमान तिकिटांचा फटका यात धरलेला नाही, तो मेव्हणा वेगळा ऐकवतो. जीएसटीचं बिल मागितलं तर म्हणे चेक-आउटला देतो. जो कर लावतो त्याच्याकडे पैसे देण्याआधी जीएसटी क्रमांक मागा आणि सरकारी पोर्टलवर टाकून बघा, नाव कोणाचं येतं ते.

आता तो परवाना. माझी खरी जळजळ इथे आहे. व्हॉट्सॲपवर फोटो आला. वर अशोकस्तंभ, खाली निळा गोल शिक्का, तिरकी सही, आमची नावं, आधारचे शेवटचे चार आकडे. आणि मधोमध ठळक अक्षरात: वैधता ५ नोव्हेंबर ते ८ नोव्हेंबर. मी तो फोटो मोठा करून पाहिला. नावाचं स्पेलिंग तपासलं, मेव्हण्याचं आडनाव चुकलं होतं ते दुरुस्तही करून घेतलं! तारीख डोळ्यासमोर होती. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण थंडीत मासा अंडी घालतो. त्या काळात परवाना निघूच शकत नाही. पण सुट्टी दिवाळीची, तर तारीख दिवाळीचीच बघणार ना माणूस? आपल्याकडे बंदी पावसाळ्यात असते. नोव्हेंबरात बंदी असेल असं डोक्यात येणार कसं?

त्याने पाठवलेला एक फोटोही नंतर नीट पाहिला. तळ्याकाठी हसरा माणूस, हातात 'ट्राउट'. खवले रुपयाच्या नाण्याएवढे. अहो, ट्राउटचे खवले इतके बारीक असतात की लांबून दिसतही नाहीत, आणि पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो. तो या माशाला नव्हताच. सरळ सरळ महसीर, मोठ्या खवल्यांचा वेगळाच मासा. गाईडचा फोटो बघताना माशाकडे बघा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी 'फॉरेस्ट एंट्री'चे आणखी ६,००० मागितले. डिपॉझिटमधून वळते करा म्हटलं, तर फोन कट, मग बंद. हे सहा हजार मी वाचवले, याचं श्रेय कोणी देत नाही. मग तिथल्या मत्स्य कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "अभी तो बंद है, मार्च में आइए." एक फोन. तो आधी लावा. परवाना मत्स्य विभागच देतो, कॅम्पवाला नाही.

त्याच रात्री १९३० लावला, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. बराच वेळ संगीत ऐकल्यावर तक्रार घेतली, क्रमांक मिळाला. पैसे गेल्या गेल्या हा फोन केला तर रक्कम वाटेत अडवता येते. माझे हप्ते आधीच पुढे सरकले होते. कुठल्याशा खात्यात २,३१० रुपये गोठवले म्हणे, आणि ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणे! २,३१० साठी वकील करू?

पोलीस ठाण्यात तर कमालच. "हद्द आमची नाही, गुन्हा हिमाचलात." १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, हे मी सांगितलं तर सायबरला जा. सायबरमध्ये रक्कम लहान, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर एक हवालदार म्हणतो, "मासे मार्केटात मिळतात की साहेब." सगळे हसले. फॉर्मवर 'वस्तूचे वर्णन' असा रकाना होता, तो मी रिकामाच सोडला. बँकेचं उत्तर एका ओळीचं: पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. संमती! खोटा शिक्का दाखवून घेतलेली संमती. अनधिकृत व्यवहार असता तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे परत मिळू शकले असते. आपण स्वतः पाठवले की सगळे हात वर करतात. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर आजही 'कार्यवाही सुरू' एवढंच दिसतं.

लोकेशन, चॅट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक जपून ठेवा. मी रागाच्या भरात चॅट पुसायला निघालो होतो, मेव्हण्याने हात धरला म्हणून वाचलं. आणि खाजगी नावाच्या यूपीआयवर 'कॅम्प'चे पैसे टाकू नका. माझे गेले ते कोणा बाईच्या नावावर. विचारल्यावर म्हणाला, वहिनी हिशोब बघते.

काल नवी जाहिरात पाहिली. कॅम्पचं नाव बदललंय, महसीर तोच. 'ख्रिसमस ट्राउट पॅकेज, परवान्यासहित.' डिसेंबरात! रिपोर्ट केलं. उत्तर आलं, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.