पुरीचं यंत्र: पुऱ्यांना बरं, घारग्यांना उत्तम

दोन गोल तबकड्या, मागे बिजागरी, पुढे दाबायचा दांडा. भांड्यांच्या दुकानात पुरी-पापड यंत्र म्हणून मिळतं ते एवढंच. पण नेहमीची पुरीची कणीक यात घातली की बहुतेकांची निराशा होते. पोळपाटावर लाटायला लागते तेवढी घट्ट कणीक दाबाखाली पसरत नाही, कडा चिरतात आणि झाकण उघडताच पुरी आक्रसते. गव्हाच्या पिठातला चिवटपणाच तिला मागे ओढतो.

म्हणून कणीक किंचित सैल ठेवायची. 250 ग्रॅम पीठ, 2 चमचे बारीक रवा, मीठ, पाव चमचा साखर आणि 2 चमचे तेलाचं मोहन. पाणी 120 ते 130 मिली, पण हळूहळू घालत, कारण प्रत्येक पीठ सारखं पाणी पीत नाही. चांगलं तिंबून अर्धा तास झाकून ठेवावं. मुरण्याचा हा वेळ यंत्राच्या पुरीत वाचवता येत नाही. साधारण 20 ग्रॅमची एक लाटी धरली तर अठरा-एकोणीस पुऱ्या होतात.

दोन्ही तबकड्यांवर प्लास्टिक हवंच. दुधाची पिशवी उभी कापून, स्वच्छ धुऊन घेतली तर बाजारच्या पातळ कागदापेक्षा चांगली, कारण तिला सुरकुत्या पडत नाहीत. सुरकुती पडली की पुरीवर रेघ उमटते, तळताना वाफ तिथूनच निसटते आणि पुरी चपटी राहते. प्लास्टिकला तेलाचा हात पुरे. सुकं पीठ लावलं तर ते कढईच्या तळाशी जळतं.

लाटी मधोमध न ठेवता बिजागरीकडे थोडी सरकवून ठेवावी. दाबताना कणीक दांड्याच्या बाजूला पळते. एकदा बेताने दाबायचं, पुरी अर्धी फिरवायची, मग पुन्हा हलकं दाबायचं. एकदाच जोर लावला की एक कड जाड, दुसरी कागदासारखी. जाडी सगळीकडे दोनेक मिलिमीटर हवी. पुऱ्या दाबून एकावर एक रचू नयेत, चिकटतात. पसरून ओलसर फडक्याखाली ठेवाव्यात, कारण वरचा पापुद्रा सुकला तरी फुगत नाहीत.

तेल 180 ते 190 अंश. कणकेचा कण तळाशी जाऊन लगेच वर आला की तापलं समजावं. पुरी वर येताच झाऱ्याने हलकेच दाबावी. तेल कोमट असेल तर ती फुगण्याआधीच तेल पिते, आणि त्याचा दोष उगाच यंत्राला लागतो.

मात्र सैल कणकेची पुरी लाटलेल्या पुरीपेक्षा लवकर मऊ पडते. पाडव्याच्या श्रीखंडासोबत गरमागरम वाढायची असेल तर हरकत नाही, डब्यात द्यायची असेल तर लाटणंच बरं. चार माणसांच्या पुऱ्यांसाठी तर हे यंत्र काढून, पुसून, पुन्हा ठेवण्यातच वेळ जातो. भटुऱ्याचा मैदा त्याला अजिबात जुमानत नाही.

खरा उपयोग होतो तो भोपळ्याच्या घारग्यांना आणि मालवणी वड्यांना. गूळ-भोपळ्याचं चिकट पीठ किंवा तांदळाचं पीठ उलटं आक्रसत नाही, आणि एरवी हे सगळं हातानेच थापावं लागतं. दांडा अर्धवट दाबून जाडी चार मिलिमीटरच्या आसपास ठेवायची. घारगे मात्र मंद ते मध्यम आचेवर तळावेत, गूळ चटकन काळा पडतो.

घेताना कागदाच्या चार पट्ट्या चार बाजूंना ठेवून झाकण बंद करा आणि एकेक ओढून पाहा. एखादी फारच सहज सुटली तर तबकड्या समांतर नाहीत. झाकण आडवं हलत असेल तर तो नग घेऊच नका. बिजागरीचा खिळा जाड आणि पक्का हवा. हलक्या ॲल्युमिनियमच्या यंत्रात आधी तोच ढिला होतो. बिडाचं यंत्र जड असतं पण दाब समान देतं, फक्त धुतल्यावर लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवावा लागतो.