दवाखान्याचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर अन् त्याचं सामायिक हब – आठ-नऊ महिने वापरल्यावर

केज-धारूर पट्ट्यातला आमचा छोटा दवाखाना, मागच्या पावसाळ्यापासून ओपीडी अन् बिलिंग बहमनी नावाच्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरवर चालायलंय. पण हे लिहायलोय ते बहमनीबद्दल कमी अन् त्याच्यासाठी बीड-लातूरकडच्या चार-पाच दवाखान्यांनी मिळून जे ऑनलाइन हब उभं केलंय त्याच्याबद्दल जास्त. कारण सॉफ्टवेअर फुकट मिळणं ही अडचण कधी नव्हतीच. दवाखान्याची नोंद ठेवणारं ओपनएमआरएस २००४ पासून आहे, तसलंच जीएनयू हेल्थ आहे, ओपनईएमआर आहे, केरळवाल्यांनी २०२० ला कोविडात केअर बनवलं ते पण ओपन सोर्सच. बहमनी तर छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग ह्या संस्थेच्या दवाखान्यासाठी थॉटवर्क्स ह्या सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी करायला घेतलेलं, म्हणजे आपल्यासारख्याच खेड्यातल्या गर्दीसाठी. डाउनलोड होऊन जातं हो, त्याच्या पुढं काय करायचं हे सांगणारं कुणी नसतं.

बहमनी म्हणजे एक सॉफ्टवेअर नाही. पेशंटच्या रेकॉर्डला ओपनएमआरएस, लॅबला ओपनएलिस, बिल अन् मेडिकलच्या स्टॉकला ओडू, एक्स-रेला डीसीएम-फोर-ची, हे सगळं आतून एकमेकाला जोडलेलं. टाकल्यावर ते उघडतं पण त्याच्यात तुमची औषधांची यादी नसते, तुमचे रेट नसतात, गरोदर बायकांच्या तपासणीचा तुमचा फॉर्म नसतो. ते भरण्यात महिना-दोन महिने जातात अन् प्रत्येक दवाखाना तेच काम परत पहिल्यापासून करायलेला असतो, बाजूच्या तालुक्यात कुणीतरी आधीच करून बसलंय हे माहीतच नसतं. हबवर नेमकं हेच ठेवलंय: फॉर्म, औषधांची यादी, रिपोर्ट काढायच्या क्वेरी (डेटाबेसला विचारायचे तयार प्रश्न), प्रिंटचे नमुने, बॅकअपची स्क्रिप्ट. सगळं एका गिट रिपॉझिटरीत (फाईलींचं सामायिक कपाट, प्रत्येक जुना बदल पण जपून ठेवणारं), अन् सोबत एक ट्रायल सर्व्हर जिथं खोट्या पेशंटवर आधी करून बघता येतं.

सगळ्यात कामाला आला तो साप चावल्याचा फॉर्म. पावसाळ्यात, पेरणीच्या टायमाला, आमच्याकडं ह्या केसेस येतातच. लातूरकडच्या एका डॉक्टरांनी बसून बनवलेला. चावल्याची वेळ, नाग का मण्यार का घोणस का फुरसं का माहीत नाही, आधी गावात कुठं झाडपाला-मंत्र केला का (हा रकाना टाकणाऱ्याला मानलं), काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटांनी गोठलं का नाही, अन् लसीच्या किती बाटल्या दिल्या. रात्री ड्यूटीवर नवीन सिस्टर असली तरी फॉर्मच तिला विचारत जातो, ती २० मिनिटांची टेस्ट राहून जात नाही. आम्ही तो उचलला, आमच्याकडं दुसरीकडं पाठवायचं झालं तर ॲम्ब्युलन्सची वेळ लागते म्हणून तेवढा एक रकाना वाढवला अन् परत हबवर टाकला. आता तो बाकीचे पण वापरतात.

दुसरं म्हणजे एका पानाची प्रिंट. इकडचे लोक दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यावर, कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. पोटुशी बाई इथं दोनदा तपासून जाते अन् तिसऱ्यांदा तिकडं कुठल्या तरी दवाखान्यात, तिथं हिचं काही म्हणजे काही माहीत नसतं. आपल्या सर्व्हरमध्ये सगळं आहे त्याचा तिला काय उपयोग? म्हणून एका दवाखान्यानं अर्ध्या ए-फोरवर बसेल असा नमुना केला, रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी, शेवटची पाळी, चालू गोळ्या, बस. प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्डाजवळ बसतो कागद. आभा नंबर (सरकारी आरोग्य ओळख नंबर) पण काढून देतो आम्ही, १४ अंकी, पण आधारवरून काढायचं म्हणलं की ओटीपी जातो पुण्याला पोराच्या मोबाईलवर अन् पोरगं कंपनीत, फोन उचलत नाही. तोवर कागदच खरा.

नोंदणीचं पण सांगतो. वय विचारलं की म्हाताऱ्या बाया "किल्लारीच्या भूकंपाच्या साली धाकट्याचं बारसं झालं" इथून सुरू करतात. बहमनीत नुसतं वय टाकून 'अंदाजे' वर टिक करता येतं, जन्मतारीख ते स्वतः काढतं. आधी आमच्याकडं जे विकतचं सॉफ्टवेअर होतं त्यात जन्मतारीख कंपल्सरी, मग निम्म्या तालुक्याचा वाढदिवस १ जानेवारी! त्या कंपनीनं सोडताना डेटा पण धड काढून दिला नाही, असो.

आता जे खटकलं ते.

एकच गोष्ट प्रत्येकानं आपापल्या नावानं टाकलेली. एकाकडं सर्पदंश, एकाकडं साप चावला, एकाकडं इंग्रजीत, अन् तिन्ही वेगळ्या कन्सेप्ट (बहमनीत आजार, तपासणी, औषध अशा प्रत्येक गोष्टीची जी एक नोंद असते ती). दवाखान्यापुरतं ठीक चालतं, पण चार दवाखान्यांचे मिळून किती पेशंट आले हे काढायला बसलो की बेरीजच होईना. शेवटी ठरवलं की नवीन कन्सेप्ट बनवायच्या आधी सीआयईएल डिक्शनरीत (अशा कन्सेप्टची तयार यादी) बघायचं, तिथं आयसीडी-१० अन् स्नोमेड ह्या जगभर चालणाऱ्या आजारांच्या यादींचे कोड आधीच जोडलेले असतात, आणि स्नोमेड भारतात वापरायला पैसे पण पडत नाहीत. हे पहिल्या दिवशी ठरायला पाहिजे होतं. जुन्या नोंदी जुळवायचं काम अजून चालूच आहे अन् लई कंटाळवाणं आहे.

त्याच्याहून वाईट म्हणजे एका दवाखान्यानं फॉर्मसोबत चुकून पूर्ण डेटाबेसची फाईल चढवली. खऱ्या पेशंटची नावं, गावं, आजार. काढून टाकली लगेच, पण गिटमध्ये नुसतं डिलीट केलं तर फाईल जुन्या हिस्ट्रीत तशीच राहते, ती मुळातून उपटावी लागली अन् मग सगळ्यांना रिपॉझिटरी नव्यानं उतरवून घ्यायला लावली. आता तपासल्याशिवाय कुणाचंच काही आत जात नाही. त्यामुळं वेळ लागतो, लागू दे.

व्हर्जनचा घोळ आहेच. एखादा फॉर्म घेतला अन् आपल्याकडं उघडलाच नाही तर समजायचं तो दुसऱ्या व्हर्जनवर बनलेला. फाईलवर व्हर्जन लिहा म्हणून सांगून सांगून थकलो. सूचना बऱ्याचशा अजून इंग्रजीतच आहेत, नुसत्या मराठीवाल्या ऑपरेटरला अवघड जातं. अन् लाईटचं तर काय सांगायचं, सर्व्हर दवाखान्यातच ठेवलेला बरा, नेट गेलं तरी ओपीडी चालते, पण इन्व्हर्टरशिवाय नको. लाईट आल्यावर सगळं आपोआप चालू होणारी अन् रात्री बॅकअप घेणारी स्क्रिप्ट हबवर आहे, ती पहिल्यांदा घ्या, फॉर्म-बिर्म नंतर.

घ्यावं का? तुमच्याकडं काळ्या स्क्रीनवर कमांड टाकायला न घाबरणारा एक जण पगारावर असेल तर बिनधास्त घ्या. नसेल अन् उगं फुकट आहे म्हणून घेत असाल तर थांबा, फुकट फक्त लायसन्स असतं. फक्त एक्स-रेच कॉम्प्युटरवर बघायचे असतील तर बहमनीच्या नादी पण लागू नका, ऑर्थँक टाका, बेल्जियममधल्या लिएजच्या दवाखान्यात बनलेला हलका सर्व्हर आहे, साध्या मशीनवर चालतो. त्याच्या सेटिंग पण हबवर आहेत.

सध्या अडलंय ते जनआरोग्य योजनेच्या क्लेमला लागणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर. आमचा आरोग्यमित्र अजून हातानं लिहून स्कॅन करतो. कुणी बहमनीतून थेट प्रिंट निघेल असं काही केलं असेल तर हबवर टाका, व्हर्जन लिहून.