पुढचं पुस्तक कुठे शोधायचं: गुडरीड्स, स्टोरीग्राफ की लायब्ररीथिंग?

वाचकांच्या या तिन्ही संकेतस्थळांवर खातं फुकट उघडतं, तिन्ही ठिकाणी वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांची यादी ठेवता येते. तेव्हा त्यात शिरत नाही. प्रश्न एवढाच आहे की मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्या माणसाला पुढचं चांगलं पुस्तक यांपैकी कुठे सापडतं. वाचन मुख्यतः इंग्रजी आणि त्यातही नव्या कादंबऱ्यांचं असेल, तर स्टोरीग्राफ घ्यावं आणि बाकीचा खल सोडून द्यावा. कपाटात मराठी पुस्तकं निम्म्याहून जास्त असतील, तर मात्र हिशेब बदलतो.

गुडरीड्सचं बळ म्हणजे तिथली गर्दी. २००७ साली ते सुरू झालं, २०१३ मध्ये अमेझॉनने घेतलं, आणि मराठी वाचक आजही सर्वांत जास्त तिथेच भेटतात. एखाद्या गाजलेल्या मराठी कादंबरीवर मराठीत, इंग्रजीत आणि रोमन लिपीतल्या मराठीत लिहिलेले अभिप्राय एकाच पानावर मिळतात. पुस्तकांखालच्या ‘वाचकांना हेही आवडलं’ पट्टीवर मात्र मराठीसाठी विसंबू नये. कमी वाचकांच्या पुस्तकाला ती पट्टी पुरेशा माहितीअभावी त्याच दहा-बारा लोकप्रिय नावांकडे नेते. तिथे पुस्तक शोधायची कामाची वाट वेगळी आहे. तुम्हाला आवडलेल्या, पण फारशा न गाजलेल्या पुस्तकाच्या पानावर जा आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा. पाच तारे देणारा बहुधा भारावलेला असतो, एक तारा देणारा चिडलेला. तीन देणारा काय जमलं आणि काय नाही ते सांगतो. ज्याची कारणं पटतील त्याच्या कपाटात जाऊन त्याने चार-पाच तारे दिलेली पुस्तकं पाहा. असे तीन-चार वाचक हाती लागले की वर्षभराची सोय होते. एक अडचण लक्षात ठेवा: तिथे अर्धा तारा देता येत नाही. ‘बरं’ आणि ‘चांगलं’ यांमधली पुस्तकं तीन किंवा चारात कोंबली जातात, म्हणून सरासरी आकड्यापेक्षा मजकूर वाचलेला बरा.

स्टोरीग्राफ नादिया ओडुनायो यांनी उभं केलं. पुस्तकाचा भाव (अंतर्मुख करणारं, हलकंफुलकं, अंधारं, तणावाचं वगैरे), गती आणि पानसंख्या यांवर ते पुस्तकं गाळून देतं, पाव ताऱ्यापर्यंत गुण देऊ देतं. ‘तीनशे पानांच्या आतलं, संथ, विचार करायला लावणारं’ अशी मागणी तिथे थेट मांडता येते, आणि इंग्रजी पुस्तकांसाठी उत्तरंही नेमकी येतात. पण भाव आणि गती ही माहिती वाचकांनीच भरलेली असते. मराठी पुस्तकाला ती भरणारे दोन-चारच असले, तर गाळणीला पकडायला काही राहत नाही. जाळं उत्तम आहे, मराठीच्या पाण्यात मासे कमी आहेत.

माझ्यापुरता निर्णय मात्र तारे किंवा भाव यांवर झाला नाही. तो झाला एकाच पुस्तकाच्या विखुरलेल्या नोंदींवर. मराठी पुस्तक सहसा तीन-चार रूपांत नोंदलेलं असतं: देवनागरीत, आपण मोबाइलवर टाइप करतो तशा रोमनमध्ये, आणि ग्रंथालयांच्या शास्त्रीय रोमनमध्ये. लेखकाची आद्याक्षरं कुठे सुटी, कुठे जोडून, कुठे आडनाव आधी. देवनागरीतही एकच रूप नसतं. ‘बिऱ्हाड’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: एकात ऱ हे नुक्त्याचं अक्षर घेऊन, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, शोधयंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. ‘ॲ’चंही तेच: एक अखंड अक्षर, दुसरं अ वर चंद्र चढवलेलं.

याचा परिणाम फक्त नीटनेटकेपणापुरता नाही. एका पुस्तकाच्या चार नोंदी झाल्या की त्याचे वाचकही चार ठिकाणी वाटले जातात. ‘हे वाचणाऱ्यांनी ते वाचलं’ ही सांगड आकड्यांवर चालते, आणि आधीच थोडे असलेले आकडे चार वाट्यांत गेले की सांगड लागतच नाही. चांगलं पुस्तक तिथे असूनही कुणाला दिसत नाही. गुडरीड्सवर नोंदी जोडायचा अधिकार ‘लायब्रेरियन’ असलेल्या सभासदांना असतो. तो अर्ज करून मिळवावा लागतो, नाहीतर त्यांच्याकडे विनंती टाकून थांबावं लागतं. स्टोरीग्राफवरही चूक कळवायची आणि स्वयंसेवकांची वाट पाहायची. यामागे कारण आहे, सगळ्यांना हात घालू दिला तर घोळही होतात. पण मराठीतलं काम इतकं पडून आहे की वाट पाहणं परवडत नाही.

लायब्ररीथिंगवर कुठलाही सभासद नोंदी जोडू शकतो, आणि पारडं माझ्या लेखी इथे झुकतं. टिम स्पॉल्डिंग यांनी २००५ मध्ये ते सुरू केलं. आधी दोनशे पुस्तकांपुढे पैसे पडत, २०२० पासून ते सर्वांना मोफत आहे. जोडण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी लेखकाची वेगवेगळी नावं एकत्र करा, मग लेखकाच्या पानावरून पुस्तकं. उलट केलंत तर दोन नोंदी एका पानावर दिसतच नाहीत. मूळ मराठी पुस्तक आणि त्याचा अनुवाद तिथे एकच कृती मानतात, ते बिनधास्त जोडा. कादंबरी आणि त्याच नावाचं नाटक, पूर्ण ग्रंथ आणि संक्षिप्त आवृत्ती, संच आणि त्यातला एकच खंड हे जोडू नका. चुकून जोडलं तर वेगळं करता येतं, पण आधी खात्री करणं सोपं. दिवाळी अंक नोंदवताना नावातच वर्ष घाला, नाहीतर दहा वर्षांचे अंक एकमेकांत मिसळतात.

दुसरा फायदा जुन्या पुस्तकांचा. भारतात आयएसबीएन (प्रत्येक पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) १९८५ च्या सुमारास आला, त्याआधीच्या पुस्तकांना बारकोड टिपून काही मिळत नाही. लायब्ररीथिंग जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचीतून नोंद आणू शकतं, आणि मराठीसाठी त्यात लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसदेचं ग्रंथालय, ही खाणच आहे. पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदत योजनेखाली १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकेतल्या ग्रंथालयांत पद्धतशीर जाऊ लागली, त्यामुळे इथल्या दुकानांतून कधीच नाहीशी झालेली पुस्तकंही त्या सूचीत असतात. मात्र शोधायचं तिथल्या रोमन लिपीत. ‘च’ला नुसता सी, ‘छ’ला सीएच. ‘श’ला एस, ‘ष’ला एसएच. ‘कृष्ण’मध्ये के नंतर थेट आर, मध्ये आय नाही. उच्चारात गळणारा ‘अ’ही लिहायचा: देशपांडे म्हणजे डी-ई-एस-ए-पी-ए-एन-डी-ई, आणि ‘कर’ने संपणाऱ्या आडनावाच्या शेवटी आणखी एक ए. अक्षरांवर-खालची चिन्हं टाळली तरी चालतं. नोंद आली की मुख्य नाव देवनागरीत बदलून घ्या.

एवढं केल्यावर ‘तुमचीच पुस्तकं असलेले सभासद’ हे पान उघडा. तिथे वजन लावलेली क्रमवारी निवडा, म्हणजे सगळ्यांकडे असणाऱ्या पुस्तकांपेक्षा दुर्मीळ जुळणाऱ्या पुस्तकांना जास्त किंमत मिळते. पाच दुर्मीळ मराठी पुस्तकं तुमच्याशी जुळणारा माणूस, मग तो सांगलीत असो की न्यू जर्सीत, कुठल्याही शिफारसयंत्रापेक्षा चांगली पुस्तकं दाखवतो, असा माझा अनुभव आहे. टॅग लावताना ‘कादंबरी’वर थांबू नका. ‘कोकण’, ‘गिरणगाव’, ‘पाणीप्रश्न’, ‘बोलीतलं गद्य’ असे लावा, कारण दुसऱ्याला पुस्तक तिथूनच सापडतं.

उणिवाही आहेत. पानं जुन्या वळणाची, पहिल्या आठवड्यात गोंधळवणारी. मराठी अभिप्राय गुडरीड्सच्या मानाने फारच थोडे. अमेझॉनपासून दूर जायचं म्हणून येणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावं की एबबुक्स या आपल्या मालकीच्या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानामार्फत अमेझॉनचा इथेही अल्पांश हिस्सा आहे; सूत्रं मात्र संस्थापकाकडे आहेत. शंभराच्या आत पुस्तकं असतील आणि नोंदी दुरुस्त करत बसायची आवड नसेल, तर कदाचित गुडरीड्सच बरं पडेल. मला वाटतं अभिप्राय तिथे वाचावेत आणि संग्रह इथे मांडावा. ज्याने एकच निवडायचं ठरवलं आहे, त्याने संग्रहाला झुकतं माप द्यावं.

गुडरीड्सवरून येताना ‘माय बुक्स’मधून आपल्या यादीची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) उतरवा आणि एक्सेलमध्ये न उघडता तशीच चढवा. उघडून जतन केली की देवनागरी नावांची जागा प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं घेऊ शकतात, आणि आयएसबीएनचे आकडेही बिघडतात. फाइल पाहायचीच असेल तर तिची प्रत काढून ती पाहा. चढवून झाल्यावर आयएसबीएन नसलेल्या नोंदी आधी तपासा. दुहेरी नोंदी सर्वांत जास्त तिथेच निघतात.