मुंबईतल्या बागा, आई आणि लेकीसोबत: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरपासून आम्ही तिघी मुंबईतल्या बागांमध्ये नेमानं जातोय. आईनं सत्तरी ओलांडलीय, गुडघ्यांची झीज झालीय. डॉक्टरांनी तिला रोज थोडं चालायला सांगितलंय, पण सपाट जागी, आणि दमलं की लगेच बसायचं. मुलगी पाच वर्षांची, तिला एका जागी बसणं माहीतच नाही. राहायला आम्ही परळला. म्हणजे हे सगळं म्हातारं माणूस आणि लहान मूल एकाच वेळी सांभाळत बागेत जाणाऱ्यांसाठी आहे. धावायला किंवा व्यायामाला जाणाऱ्यांना यातलं निम्मं तरी उपयोगाचं नाही.

इतक्या महिन्यांत माझं एक मत पक्कं झालंय. बागेत बघण्यासारखं काय आहे, हे आधी विचारूच नये. सावली किती आहे, पाठ टेकता येईल असे बाक किती आहेत, स्वच्छतागृह उघडं असतं का आणि फाटक किती वाजता बंद होतं, हे विचारावं. या चार गोष्टी असल्या की आई तासभर बसते, आई बसली की मुलगी खेळते, आणि मलाही दोन श्वास मोकळे मिळतात. यातली एक जरी नसली तरी अर्ध्या तासात टॅक्सी शोधायची वेळ येते.

या हिशेबात सगळ्यात वर येते ती राणीबाग. पाटीवरचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण आमच्या भागात कुणीही राणीबागच म्हणतं. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की चालत जाण्यासारखं अंतर आहे. आईला तेवढंही चालवत नाही, म्हणून आम्ही बसनं थेट फाटकाशी उतरतो. बुधवारी बाग बंद असते, हे आधी लक्षात ठेवा. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग बहुधा उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद करतात, तेव्हा त्या आठवड्यात विचारूनच निघा. तिकीट 2017 पासून मोठ्यांना 50 रुपये आणि मुलांना 25. आई, वडील आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर एकत्र 100. आधी ते 5 रुपये होतं, त्यामुळे वाढ झाली तेव्हा खूप बोललं गेलं. दिवसभर सावलीत बसायला मिळतं, तेव्हा मला 50 रुपये जड वाटत नाहीत. पण आठवड्यातून तीनदा जायचं म्हटलं तर परळ-लालबागच्या कितीतरी घरांना ते जड आहेत, हेही खरं.

बहुतेक लोक जातात ते पेंग्विन बघायला. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आले आणि मार्च 2017 पासून लोकांना बघता येऊ लागले. काचेपलीकडे थंडगार दालनात ते पोहतात. माझ्या मुलीला ते प्राणांहून प्रिय आहेत आणि तिचा आनंद मला खरंच मोलाचा वाटतो. पण रविवारी किंवा शाळांना सुट्टी असताना तिथली रांग पायांवर उभी राहून काढावी लागते आणि आईला ते जमत नाही. आम्ही मंगळवार-गुरुवारकडे सरकलो आणि प्रश्न सुटला. सकाळी बाग उघडताच पेंग्विन बघून घ्यायचे, मग उन्हं चढायच्या आत झाडांकडे वळायचं.

खरी राणीबाग म्हणजे ती झाडं. ही बाग 1862 मध्ये खुली झाली ती झाडांची बाग म्हणूनच. प्राणी नंतर आले, 1890 मध्ये जागा वाढवल्यावर. त्यामुळे दीडशे वर्षं उभी असलेली, जगाच्या कानाकोपऱ्यातून आणून लावलेली झाडं इथे आहेत आणि मुंबईतल्या दुसऱ्या बागेत एका जागी इतक्या जाती क्वचितच मिळतील. गोरखचिंच आहे, मूळ आफ्रिकेतली. तिचा बुंधा एवढा रुंद की आम्ही तिघींनी हात धरले तरी कवेत येत नाही. हिवाळ्यात ती अगदी निष्पर्ण असते. मुलीला वाटलं, झाड मेलं. जूनमध्ये तिला पालवी दिसली तेव्हा तिनं आजीला ओढत नेऊन दाखवलं. मूळची ब्रह्मदेशातली उर्वशी आहे, तिचे लाल फुलांचे झुबके उलटे लोंबतात. ते बघायचे तर जानेवारी-फेब्रुवारीत जावं लागतं.

आईचं झाड मात्र कैलासपती. याची फुलं फांद्यांच्या शेंड्यांना येत नाहीत, थेट खोडातून फुटलेल्या जाड दोरखंडासारख्या देठांना लागतात, अगदी जमिनीपासून हाताच्या उंचीवर. फूल हातात घेतलं तर वजन जाणवतं. पाकळ्या मांसल, बाहेरून पिवळट, आतून गुलाबी-केशरी. मधे केसरांची एक जाड पट्टी वळून पुढे झुकलेली असते आणि तिच्याखाली छोटासा गोल उंचवटा. नागाच्या फण्याखाली पिंड, असं आई म्हणते आणि बघितल्यावर दुसरं काही दिसतच नाही. झाड मूळ दक्षिण अमेरिकेतलं असूनही आपल्याकडे शंकराच्या देवळांत का लावतात, ते त्या एका फुलात कळतं. तोफगोळ्याएवढी तपकिरी फळं त्याच खोडावर लटकतात. म्हणून फुलं वेचताना मुलांना फळांखाली उभं करू नका. खाली पडून फुटलेल्या फळाचा वास फार उग्र येतो. पडलेलं फूल आई रुमालात गुंडाळून घरी आणते. झाडावरचं तोडायचं नाही, हा तिचा नियम आहे आणि नातीलाही तिनं तो लावलाय.

शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 मध्ये खुलं झालेलं. त्याच्या आवारातला दगडी हत्ती मुलांना नक्की दाखवा. घारापुरीला ज्याच्यामुळे एलिफंटा म्हणायला लागले, तोच हा हत्ती. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून पुढे 1914 मध्ये पुन्हा जोडले. फोर्टातल्या ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडलं, तो मूळ पुतळाही राणीबागेतच आहे, 1965 मध्ये तिथून हलवलेला. माझ्या मुलीला हत्ती आवडला, घोड्याकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही.

मलबार हिलचं हँगिंग गार्डन आम्हाला हिवाळ्यातच झेपलं. नाव फिरोजशहा मेहता उद्यान, 1881 चं. खाली दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा मोठा जलाशय आहे आणि त्याच्या छतावर माती टाकून ही बाग केलीय. म्हणून मधल्या भागात हिरवळ, फुलांचे वाफे आणि प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपं आहेत, पण दाट सावली नाही. मार्चनंतर दहाच्या पुढे तिथे म्हाताऱ्या माणसाला नेऊ नका. समोरच्या कमला नेहरू पार्कमधलं म्हातारीचं बूट, म्हणजे मोठ्या बुटाच्या आकाराचं खेळघर, पिढ्यान्‌पिढ्या तसंच आहे. मी लहानपणी त्यात चढले होते, आता मुलगी चढते. तिथून मरिन ड्राइव्हचा अख्खा वळसा दिसतो.

त्याच टेकडीवर मार्च 2025 मध्ये झाडांमधून जाणारा उंच लाकडी मार्ग सुरू झालाय. लांबी 485 मीटर, तिकीट 25 रुपये, आणि वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. मला तो फार आवडला. जमिनीवरून कधी न दिसणारा झाडांचा मधला भाग इथे डोळ्यांच्या रेषेत येतो. चालण्याचा भाग सपाट आहे, त्यामुळे आईही काठी टेकत हळूहळू गेली. वेळ ठरवून दिलेली असल्यामुळे गर्दी आटोक्यात राहते. ही पद्धत इतर ठिकाणीही सुट्टीच्या दिवसांत आणली तर किती बरं होईल! पण हा मार्ग चालून पाहण्याचा आहे, रेंगाळण्याचा नाही. एकदा पाहावा, पावसाळा सरताना पुन्हा पाहावा.

आता जी जागा फार कमी लोक सांगतात ती. धारावी डेपोसमोर, सायन-वांद्रे लिंक रोडवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. साधारण 37 एकर. इथे पूर्वी शहराच्या कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं. त्या कचऱ्याच्या ढिगावर माती घालून, झाडं लावून हे जंगल उभं केलं. आत शिरल्यावर रस्त्यावरचा आवाज काही पावलांत मागे पडतो. पाळणे, घसरगुंड्या, कारंजी यांतलं काही शोधायला जाल तर निराश व्हाल. मातीच्या वाटा, पाऊसपाणी साठवणारं मोठं तळं, पलीकडे मिठी नदीची खारफुटी आणि भरपूर फुलपाखरं. मुलीनं इथे पहिल्यांदा सुरवंट पानाची कड कुरतडताना पाहिला आणि त्या एका पानापाशी ती इतका वेळ बसली की आईनं घड्याळ दाखवलं. डासांचं मलम लावून जा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. माझ्या मते दर मुंबईकर मुलानं पेंग्विनच्या आधी ही जागा पाहिली पाहिजे. घाणीवरही जंगल उभं राहतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं.

दादर-माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स आणि शिवाजी पार्क या आमच्या रोजच्या जागा, त्यांच्याबद्दल थोडक्यात. फाइव्ह गार्डन्सला जुनी मोठी झाडं, रुंद पदपथ आणि तिकिटाची भानगड नाही. संध्याकाळी पाच ते सात आईसाठी सर्वांत सोयीचं. शिवाजी पार्क ही बाग नव्हे, मैदान, पण भोवतीचा कट्टा म्हणजे ज्येष्ठांसाठी वरदान आहे. एक किलोमीटरहून थोडी जास्त फेरी, आणि कुठेही बसता येतं. आई त्या कट्ट्यावर ओळखीच्या झालेल्या दोघींशी रोज बोलते. आमच्या घरात तिच्याशी इतक्या गप्पा होत नाहीत. फक्त उन्हाळ्यात वाऱ्याला धूळ उडते. दमा असेल तर सकाळीच जा.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. जून ते सप्टेंबर जुन्या बागा सर्वांत सुंदर असतात आणि सर्वांत निसरड्याही. फरशीवर शेवाळ धरतं. आईसाठी रबरी तळव्याच्या चपला घेतल्या आणि वाट बदलली. फरशीपेक्षा डांबरी रस्ता बरा. वारा सुटला असेल तर मोठ्या झाडाखाली अजिबात थांबू नका. मुंबईत दर पावसाळ्यात झाडं पडतात, आणि त्यामागे नुसता वारा नसतो. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं, मुळांना हवा-पाणी नाही, शेजारी चर खणताना मुळं तोडलेली. अशी झाडं वरून हिरवीगार दिसतात आणि एका रात्रीत आडवी होतात. राणीबागेतली किंवा निसर्ग उद्यानातली झाडं मोकळ्या मातीत उभी आहेत. दोन्हींतला फरक बघायचा असेल तर बुंध्याशी बघा.

आणि आता तक्रार. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक छोटी बाग आहे, नाव लिहीत नाही. मध्यंतरी तिचं सुशोभीकरण झालं. रंगीत दिवे आले, प्लॅस्टिकची हिरवळ आली, सेल्फीसाठी मोठं हृदय आलं. त्यासाठी करंजाची दोन झाडं गेली आणि पाठीचे जुने बाक जाऊन बिनपाठीचे दगडी ओटे आले. स्वच्छतागृहाला बहुतेक वेळा कुलूप असतं, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो दुपारी नसतो. दुपारी फाटकही बंद. म्हणजे ज्या वेळी सावली हवी, ज्या वेळी घरकाम करणाऱ्या बायका दोन घरांच्या मधे घटकाभर टेकायला जागा शोधतात, डिलिव्हरीची मुलं उन्हात गाडीवर बसलेली असतात, नेमकी त्या वेळी बाग कुलूपबंद. मला याचा फार राग येतो. घराजवळची बाग चांगली असती तर आईला बस पकडून भायखळ्याला नेण्याची गरजच पडली नसती. मोठ्या बागा आठवड्यातून एकदा-दोनदाच, रोज लागते ती हीच.

सोसायटीतल्या काही जणींनी मिळून आम्ही वॉर्ड कार्यालयात अर्ज दिलाय. दुपारी फाटक उघडं ठेवा, चार बाक पाठीचे बसवा, स्वच्छतागृहाच्या बाहेर किल्ली कुणाकडे आहे त्याचा फोन नंबर लिहा, आणि उरलेल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडा. सिमेंटचं काम झालं, बुंध्याभोवती हातभर माती मोकळी केली. बाकांचं 'बघू' म्हणालेत. दुपारच्या फाटकाबद्दल अजून उत्तर नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात परत जातोय, या वेळी ज्येष्ठ नागरिक संघालाही बरोबर घेऊन. तुमच्या घराजवळच्या बागेचं असंच असेल तर दुपारी दोन वाजता एकदा जाऊन फाटक बघून या आणि वॉर्ड कार्यालयातल्या उद्यान खात्याला लेखी विचारा. तोंडी विचारलं तर कुणी लक्ष देत नाही. पोच घेतलेला अर्ज असेल तर निदान फाटकावरची वेळेची पाटी तरी बदलते.