गूगल पेटंट्स, एस्पेसनेट आणि इनपास : रत्नागिरीतल्या वर्कशॉपमधून रिव्ह्यू

हल्ली मालावर पेटंटेड असं छापलं की किंमत वर जाते, मग ते चेंबरचं झाकण असो नाहीतर लोखंडाला लावायची पुट्टी असो, आणि आपल्याकडचा माणूस तो शिक्का बघून गप्प पैसे देतो. माझं मिरकरवाड्याच्या बाजूला फॅब्रिकेशन आणि इंजिन रिपेरीचं शेड आहे, माल सतत लागतो, त्यामुळे कोणी एजंट दारात आला की मी पहिलं विचारतो, पेटंट नंबर काय? नंबर मिळाला की तिथल्या तिथे फोनवर टाकून बघतो. हे बघायला तीन साइट आहेत, गूगल पेटंट्स, युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट आणि आपल्या भारत सरकारचं इनपास, तिन्ही फुकट, आणि वर्कशॉप चालवणाऱ्या कोणालाही उपयोगी पडतील अशा. माझे स्टार आधीच सांगतो, गूगलला साडेचार, इनपासला चार, एस्पेसनेटलाही चार पण ते मी कमी उघडतो.

पेटंट म्हणजे दर्जाचा दाखला नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. सरकार एवढंच म्हणतं की ही युक्ती नवीन आहे, आणि अर्ज केल्या तारखेपासून २० वर्षं दुसऱ्याने ती परवानगीशिवाय वापरायची नाही. त्या बदल्यात त्या माणसाला आपली सगळी युक्ती चित्रांसकट जगासमोर उघडी करून ठेवावी लागते, कुठे भोक पाडायचं, कुठला कोन ठेवायचा, काय मिसळायचं, सगळं. मुदत संपली की ती सगळ्यांची. गरम जस्तात लोखंड बुडवून गॅल्वनाइझ करायची पद्धत सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८३७ साली पेटंट केली होती, आज आपल्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात जे लोखंड टिकतं त्यातलं कितीतरी त्या एका युक्तीवर टिकतं आणि त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही. अशा मुदत संपलेल्या युक्त्यांचा केवढा मोठा साठा या साइटवर पडलाय, आणि आपल्याकडे आयटीआय करून बाहेर पडलेल्या पोरांना हे कोणी सांगितलेलंच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता शोधायचं कसं. नुसता शब्द टाकून शोधलं तर निम्मा माल हाताला लागत नाही, कारण पेटंट लिहिणारा वकील साधं मॅनहोल कव्हर असं लिहीलच असं नाही, तो ॲक्सेस ओपनिंग क्लोजर असलं काहीतरी लिहून ठेवतो, म्हणजे त्याचा हक्क जितका रुंद करता येईल तितका करतो. म्हणून वर्गाच्या नंबराने शोधायचं. जगभरच्या पेटंट ऑफिसांनी प्रत्येक विषयाला एक कोड दिलाय. चेंबरची झाकणं आणि त्यांच्या फ्रेमा ई०२डी २९/१४ मध्ये, तडा गेलेल्या धातूच्या वस्तूंची दुरुस्ती बी२३पी ६/०४ मध्ये, आणि डेटा शोधायच्या पद्धती जी०६एफ १६ मध्ये. हा कोड टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायचा. कोड टाकला, बाजूला तारखेचा फिल्टर लावून जुनी पेटंट वर काढली, की एकेका विषयाचा शंभर वर्षांचा इतिहास चित्रांसकट समोर येतो आणि हे गूगलवर सगळ्यात झकास जमतं, फोनवरसुद्धा. कुठलं कोणत्या जुन्या पेटंटवर उभं आहे आणि नंतर कोणी त्याचा दाखला दिलाय तेही खाली यादीत मिळतं. चिनी पेटंटचं इंग्रजी भाषांतरही तिथेच, भाषांतर वेडंवाकडं असतं पण चित्र बघितलं की काम कळतं.

माझा सगळ्यात जास्त फायदा झाला तो बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या, दुरुस्तीत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, आणि तेव्हाच सगळी इंजिनं खोलली जातात. कूलिंगची लाइन क्षाराने चोंदली, इंजिन तापलं आणि ब्लॉकला चीर गेली, ही केस ठरलेली. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, येऊन म्हणतो, "दादा, वेल्ड मारून दे ना पटकन, नारळी पौर्णिमेच्या आत बोट पाण्यात पाहिजे." पण बीड म्हणजे पोलाद नव्हे, त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो, ते ठिसूळ, एका जागी वेल्डिंगची उष्णता दिली आणि बाजूचं थंड राहिलं की गार होताना ओढ बसते आणि वेल्डच्या शेजारीच नवीन चीर जाते. नीट करायचं तर अख्खा ब्लॉक आधी तापवा आणि मग वाळूत किंवा चुन्यात पुरून हळूहळू गार करा, किंवा निकेलचा रॉड घेऊन थोडं थोडं वेल्ड करत ठोकत जा, आणि बोटीत बसवलेल्या ब्लॉकला तर भट्टी लावणं शक्यच नाही.

यावर थंड दुरुस्तीची पद्धत आहे, मेटल स्टिचिंग. १९३० च्या दशकात टेक्सासच्या तेलक्षेत्रात ही पुढे आली, कारण तिथे वेल्डिंगची ठिणगी म्हणजे आग. पद्धत अशी : आधी डाय पेनेट्रंट, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणारा रंग, मारून चीर नेमकी कुठे संपते ते बघायचं आणि तिथे भोक पाडून तिला अडवायचं. मग चिरेच्या रेषेवर भोक पाडायचं, आटे पाडायचे, स्क्रू घट्ट बसवायचा, वरचा भाग कापायचा. पुढचं भोक आधीच्या स्क्रूला थोडं खात खात पाडायचं म्हणजे स्क्रू एकमेकांत अडकत जातात, आणि अशी पूर्ण चीर भरून काढायची. मग चिरेला आडवी लॉक, म्हणजे धातूचे जोडतुकडे, बसवायची, ती दोन्ही बाजूंना धरून ठेवतात. शेवटी घासून सपाट. उष्णता कुठेच नाही, त्यामुळे ब्लॉक वाकत नाही.

यातली खरी कमाल आट्यांची आहे आणि ती मला पेटंटमधल्या चित्रामुळेच कळली. साधा व्ही आकाराचा आटा आवळला की तो पाचरीसारखा बाहेर ढकलतो, म्हणजे आपण चीर मिटवायला बसतो आणि स्क्रूच तिला फाकवायला बघतो. कॅलिफोर्नियात टर्लॉक नावाच्या गावात लॉक-एन-स्टिच म्हणून कंपनी आहे, त्यांनी आट्याला आतल्या बाजूला वळलेला आकडा दिला, स्पायरलहूक म्हणतात त्याला, तो आवळला की आजूबाजूचं बीड स्वतःकडे ओढून धरतो. एवढीच गोष्ट, आट्याच्या एका बाजूचा कोन बदलला, पण ज्याने बिडावर आयुष्य घालवलंय त्यालाच ती सुचणार. स्क्रू एकमेकांत अडकवायची जुनी पद्धत तर केव्हाच सगळ्यांची झालीय, वॉटर जॅकेटच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या पाणी फिरायच्या पोकळीच्या, बाहेरच्या चिरा आम्ही आता अशाच शिवतो. हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या मधली चीर असेल तर मात्र मी हात घालत नाही, मुंबई-पुण्याला ज्यांच्याकडे त्याची पूर्ण सामग्री आहे त्यांच्याकडे पाठवतो.

लोखंडाचा भुगा भरलेल्या पुट्टीबद्दल थोडक्यात. इपॉक्सीचं मूळ काम १९३० आणि ४० च्या दशकातलं, स्वित्झर्लंडच्या पिएर कास्तानचं आणि अमेरिकेच्या ग्रीनलीचं, ती पेटंट कधीच संपली. आज ज्या पुट्टीवर पेटंटेड लिहिलेलं असतं तिचं पेटंट बहुतेक हार्डनरच्या एखाद्या मिश्रणावर नाहीतर डब्यावर निघतं. पंपाच्या बॉडीला, गंजून छिद्र पडलेल्या पाण्याच्या टाकीला ती चांगलीच आहे, पण इंजिनाचा गरम धूर जातो त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला लावून चालेल असं कोणी सांगितलं तर डेटाशीटमध्ये तापमान किती दिलंय ते बघा, पेटंट बघायची गरजच नाही.

झाकणांचं मात्र सविस्तर सांगतो कारण यात आपल्याकडच्या लोकांचे पैसे जातात. गणपतीपुळ्याच्या बाजूला एका होमस्टेच्या आवारात चेंबर करायचे होते. बिडाची झाकणं आपल्याकडे दोन कारणांनी लोकांना नको असतात, भंगारात चांगला भाव येतो म्हणून रात्रीत उचलून नेतात, आणि आपल्या हवेत फ्रेम गंजून झाकण असं चिकटतं की पहारीशिवाय उघडत नाही. म्हणून एफआरपीची, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिनची झाकणं. ती गंजत नाहीत, एकटा माणूस उचलतो, भंगारवाला हात लावत नाही. विक्रेता म्हणाला की आमचं पेटंटेड आहे म्हणून गाडी गेली तरी काही होणार नाही. त्याने दिलेला नंबर १२ आकडी होता.

इथे लक्ष द्या. २०१६ पासून भारतातल्या अर्जाचा नंबर १२ आकडी असतो, पहिले चार आकडे वर्ष, पाचवा आकडा ऑफिस, १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. म्हणजे १२ आकडी नंबर हा अर्जाचा नंबर आहे, मिळालेल्या पेटंटचा नाही. इनपासवर तो टाकला, कॅप्चा भरला, अर्जाचा सगळा प्रवास दिसला, अजून तपासणीच व्हायची होती. पेटंट मिळालेलं नसताना पेटंटेड म्हणून माल विकणं हा पेटंट कायद्याच्या कलम १२० खाली दंडाचा विषय आहे, आणि हे मी त्या विक्रेत्याला शांतपणे दाखवलं.

त्याहून महत्त्वाचं, मी क्लेम वाचले. पेटंटमध्ये वर सारांश असतो, मधे वर्णन असतं, पण हक्क फक्त शेवटी नंबर घालून लिहिलेल्या क्लेममध्ये असतो आणि त्यातही पहिला क्लेम बहुतेक सगळ्यात रुंद. त्या अर्जाचा पहिला क्लेम झाकणाच्या कुलपाचा होता, किल्ली फिरवली की खालची पट्टी फ्रेममध्ये जाते तो. वजन किती पेलतं याचा त्यात एक शब्द नाही. वजनासाठी बघायचा तो ग्रेड. युरोपियन ईएन १२४ मध्ये ए१५ म्हणजे साधारण दीड टन, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, बी१२५ म्हणजे साडेबारा टन, फुटपाथ आणि कार पार्किंग, सी२५० रस्त्याच्या कडेला, डी४०० म्हणजे ४० टन, मेन रोड. आपल्या आयएस १२५९२ मध्ये, जे काँक्रीटच्या झाकणांचं आहे, हलक्यापासून भारी कामापर्यंत एलडी २.५, एमडी १०, एचडी २०, ईएचडी ३५, हे आकडे टनात. त्या झाकणावर ए१५ होतं. आणि होमस्टेत तर पर्यटकांच्या गाड्या आणि पाण्याचा टँकर येणार. शेवटी आम्ही वाटेवरच्या चेंबरना वरच्या ग्रेडची झाकणं घेतली, बागेतल्यांना ए१५ चालली. एफआरपीत अजून एक बघा, वरचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत थर, आणि यूव्हीचं संरक्षण. ते नसेल तर आपल्या उन्हात वरचा थर उडतो, काचेचे धागे उघडे पडतात आणि अनवाणी पोरांच्या पायात घुसतात.

गूगल पेटंट्स ज्या गूगलचं आहे त्याचं स्वतःचं मूळही असंच एक पेटंट आहे, आणि तेही मी तिथेच वाचलं. लॅरी पेजचं पेजरँक, अमेरिकन नंबर ६२८५९९९, अर्ज जानेवारी १९९८, मिळालं ४ सप्टेंबर २००१ ला. मालक गूगल नव्हे, स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी. एखाद्या पानाला किती पानं दाखला देतात आणि ती पानं स्वतः किती वजनदार आहेत यावरून त्याचा क्रम लावायचा, अशी ती युक्ती. तिचीही मुदत संपली, आज कोणीही इंजिनिअरिंगचा विद्यार्थी ती घरी बसून लिहू शकतो.

त्रुटीही आहेत. गूगलवर ॲक्टिव्ह किंवा एक्स्पायर्ड असं जे दिसतं तो त्यांचा अंदाज आहे, त्यांनी स्वतःच तसं खाली लिहिलंय. तेवढ्यावर माल बनवायला घेऊ नका. पेटंट देशापुरतं असतं, अमेरिकेत चालू असलेलं भारतात घेतलेलंच नसेल तर इथे ते लागू नाही, आणि अमेरिकेत फी न भरल्याने गेलेलं भारतात चालू असू शकतं. एस्पेसनेटचा खरा उपयोग इथे, एकाच युक्तीचे कुठल्या कुठल्या देशात अर्ज झालेत ते सगळं कुटुंब तिथे एकत्र दिसतं. मग भारतातला नंबर घेऊन इनपासच्या ई-रजिस्टरमध्ये बघायचं, रिन्युअलची फी भरलीय का. फी चुकून राहिली असेल तर मालकाला १८ महिन्यांच्या आत पेटंट परत जिवंत करून मागता येतं, म्हणून कालच बंद पडलेलं दिसलं म्हणून उड्या मारू नका. आणि मराठीतून काहीच शोधता येत नाही, भारतातली पेटंटं इंग्रजीत किंवा हिंदीत. लेथवर हात बसलेल्या माणसाला क्लेमची ती एक एक पान लांबीची वाक्यं जड जातात, मी वर्कशॉपमधल्या पोरांना आधी चित्र आणि त्यातले नंबर दाखवतो, मग नंबरावरून मजकूर, तसं जमतं.

आपल्या भागातल्या पोरांसाठी एक सांगायचंच आहे. जाळं ओढायच्या विंचला, काजू फोडायच्या मशीनला, आंब्याच्या झेल्याला काही नवीन केलं असेल तर व्हिडिओ टाकायच्या आधी या साइटवर शोधा आणि नवीन वाटलं तर आधी अर्ज करा, कारण एकदा जगजाहीर केलं की नवेपणा संपला. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८०००, तपासणीची फी वेगळी. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज केला तर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. क्लेम मात्र जाणकार पेटंट एजंटकडूनच लिहून घ्या, आणि त्याच्याकडे जाताना तुम्हाला सापडलेल्या जुन्या पेटंटांचे प्रिंट घेऊन जा.