१९६ सीसीचं कार्ट इंजिन: गव्हर्नर आहे तोवर उत्तम

भाच्यासाठी बनवलेल्या गो-कार्टला हे १९६ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवरचं एअर-कूल्ड फोर स्ट्रोक इंजिन बसवलं, त्याला दीड वर्ष झालं. पहिलं वर्ष तक्रारीला जागाच नव्हती. दुसऱ्या ओढीला सुरू व्हायचं, तापूनही कुरकुर नाही.

मुळात हे पंप-जनरेटरच्या जातीचं इंजिन. गव्हर्नर, म्हणजे वेगावर लगाम ठेवणारी यंत्रणा, त्याला ३,६०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास रोखून धरतो. "मामा, सरळ पट्ट्यात हे पळतच नाही," असं भाचा सारखं म्हणायचा. शेवटी मी साइड कव्हर उघडून गव्हर्नरचं प्लास्टिकचं गिअर काढून टाकलं. मीटर ५,४०० दाखवायला लागला. फेरे दीडपट झाले, पण आतल्या भागांवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वादोनपट. हे गणित मला येत होतं, तरी मी ते मांडून बघितलं नाही.

चौथ्या रविवारी वळणातून बाहेर पडताना खाडकन आवाज झाला. पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, मोडून इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आला होता. अंगठा आरपार जाईल एवढं भोक. गरम ऑइल मागच्या टायरवर गेलं आणि कार्ट गरकन फिरली. हेल्मेट होतं, समोर मोकळी जागा होती, पोराला खरचटलंसुद्धा नाही. माझे हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

या इंजिनात ऑइल पंप नाही. रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी असते, ती ऑइल उडवते, त्यावरच सगळं वंगण. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकलं की पळी कोरडी फिरते. पण रॉडपेक्षा मला आता फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकाची, जास्त धास्ती वाटते. ते ओतीव आहे, त्यावर पातळ पत्र्याचं कव्हर, आणि माझ्या कार्टमध्ये ते पोराच्या कोपरापासून हातभर अंतरावर. एवढ्या वेगात ते फुटलं, तर तो पत्रा काहीही अडवणार नाही.

ज्यांना वेग वाढवायचाच आहे, त्यांनी आधी अखंड धातूतून कापलेलं बिलेट फ्लायव्हील आणि बिलेट रॉड बसवावा. कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग सगळ्यात शेवटी. स्वस्त म्हणून लोक त्याच आधी घालतात. पण मूळच्या मऊ स्प्रिंगमुळे एका मर्यादेनंतर व्हॉल्व्ह तरंगतात, म्हणजे वेळेत बंद होत नाहीत, आणि इंजिन तिथेच अडतं. गव्हर्नर गेल्यावर तेवढीच एक आडकाठी उरते.

कंपनीच्या पुस्तिकेत 'गव्हर्नरशी छेडछाड करू नये' एवढंच आहे, का ते कुठेच नाही. त्याचा मी एक तारा कापतोय. बाकी चारही देतो, कारण पुन्हा हेच इंजिन घेतलं, गव्हर्नरसकट. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) कमी दातांचं लावलं. उठायला थोडं जड झालंय, पण सरळ पट्ट्यात आधीपेक्षा चांगलं पळतं.